झाकलंच तं होतं!

"...अन् प्रसेनजितची नोकरी गेली म्हणे, ते बी शेजारणीनं लॅपटॉप झाकल्यापायी, अन् मंग..." बस, एवढंच आलं माह्या कानावर! गिरणीत शीला सांगून राह्यली होती. मी डबा घेऊन दारात दिसली तं बाई एकदम गव्हातले खडे पाहाले लागली! गिरणीत कोणी गहू निवडते काय? शेजारीण म्हणजे मीच नं? अन् मी केलं काय? झाकलंच तं होतं!

बाहेर सोयाबीनचं थ्रेशर चालू, घरभर भुसा, अन् पौर्णिमाच्या पोराचा, प्रसेनजितचा, लॅपटॉप दिवाणावर आ वासून पडेल! आमच्या केनवडात दुधाचा गंज कोणी उघडा ठेवते? मी जाता-येता झाकत जाय, तं हा पोरगा डोकं धरून बसे. "मावशी, झाकू नका हो! झाकलं का झोपते, अन् मंग उठतच नाही!" म्हटलं, "तोंडावर पाणी मार." हसला नाही. पडदा काळाकुट्ट, आत पंखा घुरघुर करून राह्यला, हा बटन दाबून बंद करे, पुन्हा चालू करे, लिहेलं सारं गायब! "अरे, मंग लॅपटॉपात असं काही टाकलं कायले?" "मावशी, हे लिनक्स आहे. फुकट अन् खुलं. जगातलं कोणीही याले दुरुस्त करू शकते." "मंग केनवडात काहून नाही आलं कोणी?" आठ दिवस इंटरनेटवर परदेशातल्या लोकाइले इचारे. एक म्हणे हे बदल, दुसरा म्हणे ते काढ, तिसरा म्हणे माह्यं बी उठत नाही!

शेवटी त्यानं सेटिंगच बदलली... झाकलं तरी झोपायचंच नाही. "आता झाका मावशी, किती बी!" मी खूश.

सोमवारी अकराले पुण्याच्या कंपनीची मुलाखत, त्या लॅपटॉपवरच. दोन वर्षं घरी बसेल पोरगा. पौर्णिमानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. त्यानं दहा मिनिटं आधीच जोडून ठेवलं अन् गेला शर्टाले इस्त्री कराले. मी अन् हिरीबाई आलो बसाले. भुसा उडून राह्यला... झाकलं! सवयीचा हात हो! अन् झाकलं म्हणजे आतले गेले, असंच वाटते नं माणसाले? हिरीबाईनं इचारलं, "लागते का पोरगा?" मी म्हटलं, "कायचा लागते! चार पेपर राह्यले होते, दहाच्या आत उठत नाही, एक लॅपटॉप उठवाले आठ दिवस लागले, हा कंपनीत काय उजेड पाडते! सोयरीक उगाच मोडली काय..."

प्रसेनजित आला, उघडलं. अन् ते मेलं पहिल्यांदा एका झटक्यात जागं! आत चार साहेब. एक हसून हसून डोळे पुसून राह्यला. दुसऱ्यानं इचारलं, "आज किती वाजता उठलात?"

नोकरी दुसऱ्याले गेली. पण शीलाची गोष्ट अर्धीच खरी नं! झाकल्यानं काही झालं नाही हो, मी झाकलंच तं होतं, अन् झाकेलं ठणठणीत चालू होतं... बोलली मी. पण हे सांगू कोणाले? मी ओसरीवर पाय ठेवला का पौर्णिमा दार लावून घेते. अन् ते, तुमाले सांगतो, किती बी ठोका, उघडत नाही.