दाफिन्काची काळी चौकट

हॅलो?... कोण?... अगं रुस्के, ओरडू नकोस, कानठळ्या बसल्या... हो, मीच. दाफिन्काच बोलतेय... भूत कसलं गं! सख्खी बहीण आहे तुझी, मिरच्या भाजतेय... हो, फोन बंद पडला होता, आत्ता चार्ज केला. पण मला सांग, मी मेले म्हणतेस, तर सकाळपासून माझाच फोन कशाला लावत होतीस?...

फोटो आला? कुणी पाठवला?... शेजारच्या पेन्काने! तरीच. सकाळी मेलेल्यांसाठी वाटतात ते उकडलेले गहू घेऊन दारात उभी होती, माझ्याच नावाचे! मी दार उघडलं, तर वाडगाच पडला तिच्या हातातून. आणि सावरल्यावर विचारते काय, तळघरातलं तुझं कोबी मुरवायचं पिंप रिकामं आहे का!...

हो, हो... अगं ऐक ना! ते कला विद्यापीठवाले नाहीत का... तेच, वस्तीशी नातं जोडायला आलेले. आधी घरोघर फिरले, तुम्हाला काय हवं म्हणून विचारत. आम्ही एका सुरात सांगितलं, जिन्यात दिवा लावा. प्रोफेसरचे डोळेच भरून आले. म्हणाला, ‘वा! प्रकाश!’ मग आमच्या अंधारावर चर्चासत्र झालं... दिवा? छे गं, बिस्किटं मिळाली.

मग सगळ्या म्हाताऱ्यांचे फोटो काढले. मीही बसले, चांगली केस विंचरून. आणि आज बघते तर इमारतीच्या दारावर ओळीने आम्ही सगळे... काळ्या चौकटीत! खाली नाव, वर क्रूस! कुणी गेलं की आपण लावतो, अगदी तस्सा कागद... चुकून कसलं? मुद्दाम! प्रोफेसर म्हणतो, ‘मरणाच्या कागदावर जगण्याचा उत्सव.’... हो ना, इथलाच आहे मेला! त्याच्या आजीचाही कागद लागला असेल की असाच दारावर... झापला ना! तर म्हणतो, ‘तुमचा राग हा कलाकृतीचाच भाग आहे.’ आता बोल! शेवटी मी शिव्या देणंच थांबवलं. त्याची विद्यार्थी पोरं त्याही रेकॉर्ड करत होती.

काय?... प्लामेनला कळवलंस? माझ्या प्लामेनला?... अगं बाई... काय म्हणाला?... रडला?... ईस्टरला सुट्टी नाही, नाताळला सुट्टी नाही, आणि आता... विमानात बसलासुद्धा?...

नाही. थांब. खबरदार त्याला मी जिवंत आहे म्हणून कळवलंस तर... रुस्के, तुला माझी शपथ... लागू दे पाप, मी फेडीन!... अगं, दोन वर्षं झाली, त्याचं तोंड पाहिलं नाही मी. फोनवर नुसतं ‘येतो आई, येतो आई’. जीव तुटतो गं माझा... मी मेल्यावर येणारच होता ना? मग शेवटचं तोंड बघायला येतोय, तर ते बोलताना बघू दे की त्याला... नाही, मी नाही रडत. मिरच्यांचा धूर आहे.

कसला आवाज?... थांब, खिडकीतून बघते... अगं, तोच! शिडी लावून कागद खरवडतोय दारावरचे. आत्ता बरी लाज वाटली!... अहो प्रोफेसर! अहो, माझ्या फोटोला हात लावू नका!... हो, सकाळी मीच ओरडत होते! आता म्हणतेय, फार सुंदर कलाकृती आहे! मुलगा येईपर्यंत राहू द्या!... आणि शिडी आणलीच आहे, तर जिन्यात तो दिवा लावा आधी! अंधारात त्याला माझं दार सापडायचं नाही!

ठेवते गं रुस्के... मिरच्या आणखी भाजायला हव्यात, दोघांपुरत्या.