बायकोचं नाव काय, भाऊ?

(कोर्टाच्या आवारात टायपिंग करणाऱ्या शकूताईंनी सांगितलेलं, त्यांच्याच शब्दांत)

माझा जन्म एरंडोलचा, वडील कोर्टात पट्टेवाले, आम्ही चार बहिणी, आणि चौथीच्या वेळी आजीनं कपाळावर हात मारला ती चौथी मी, तेव्हापासूनच हिच्या नाकावर राग आहे असं आई म्हणायची. लिहा हो, हे पण लिहा. मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, मराठी तीस, इंग्रजी चाळीस, लग्न झालं ते दोन वर्षांत मोडलं, त्याचं नका विचारू, त्या माणसावर वाया घालवायला माझ्याकडे शब्द नाहीत. वडील म्हणाले, मशीन घे आणि बस कोर्टाच्या आवारात, कोण काय म्हणतं बघतो मी. कोणतं कोर्ट ते मात्र नका लिहू, धुळ्या-जळगावकडचं म्हणा, बस झालं. तिथं बसणारी मी पहिली बाई. तोंडावर सगळे ताई म्हणायचे, पाठीमागे काय म्हणायचे ते पण मला ठाऊक आहे.

तर काय सांगू तुम्हाला, ऐंशीच्या पुढे आमच्याकडच्या पोरांना अरबस्तानचं वेड लागलं. नरडाण्याचा वेल्डर, नशिराबादचा गवंडी, जो तो पासपोर्टचा फॉर्म घेऊन माझ्यासमोर. एजंट फसवायचे, तिकडे गेलं की मालक पासपोर्ट काढून घ्यायचा, कुणी तुरुंगात, कुणाचा पत्ताच नाही, आणि घरचे रडत कोर्टात यायचे. मग वकील संघानं एक गट काढला, आंतरराष्ट्रीय व स्थलांतर कायदा गट. नाव एवढं लांब की पाटीवर मावेना, पेंटरनं शेवटचे दोन शब्द खाली बारीक अक्षरात कोंबले. दर शनिवारी दुपारी बार रूममध्ये बसायचे, कागद टाईप करायला मी. अध्यक्ष नाना वकील, म्हातारा माणूस, हळू, पण सच्चा, पत्रं लिहून लिहून त्यांनी किती माणसं परत आणली, खोटं कशाला बोलू. आणि सचिव एक तरुण वकील, त्याला नुसतं सचिव म्हणा, तेवढंच पुष्कळ आहे.

असाच एका शनिवारी रामदास आला. नरडाण्याला कारखान्यात वेल्डर, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, केसांना चपचपीत तेल, सोबत एक मित्र. मी भराभर विचारत गेले, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, आणि मग विचारलं, बायकोचं नाव काय, भाऊ? तर हा लाजला. आमच्या खेड्यापाड्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही, बायको तर नवऱ्याचं मुळीच नाही, तिनं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. कुणी काढलं हे शास्त्र, एकदा भेटू द्या मला! हा आपला चपलेकडे बघत उभा. मागे रांग. मी म्हटलं, अहो बोला की, मी काय तिला पळवून नेणार आहे का, आणि सगळे हसले, मी पण हसले. मित्र म्हणाला, लिहा ना ताई, इंदू. मी खटखट लिहिलं. फॉर्म इंग्रजीत, रामदासला काय कळणार, त्यानं सही केली आणि गेला.

आता ऐका. तो मित्र तिच्या माहेरच्या गल्लीतला. इंदू हे माहेरचं नाव. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि इंदूची सुनंदा केली. रेशनकार्डावर सुनंदा, मतदार यादीत सुनंदा, आणि पासपोर्टात इंदू.

दीड वर्षानं रामदास तिकडे परांचीवरून पडला आणि गेला. तार आली. सासरे सुनेला घेऊन गटाकडे आले, नानांनी अर्ज लिहिला की मयताची पत्नी सुनंदा, प्रेत गावी पाठवा. तिकडच्या कचेरीतून उत्तर काय यावं? पासपोर्टवर पत्नी इंदू आहे, ही सुनंदा कोण, दुसरी बायको आहे काय, पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर प्रेत इकडेच पुरून टाकण्यात येईल. पुरून टाकण्यात येईल! असं लिहितात हो, जसं काही सामान पडलंय. मी ते वाचलं आणि मला माझ्याच बोटांचा राग आला. नानांना म्हटलं, हे मी केलंय. नाना म्हणाले, तू एकटीनं नाही केलं, पण आता रडत बसू नको, मशीनला कागद लाव.

इंदू आणि सुनंदा ही एकच बाई, असं शपथेवरचं प्रतिज्ञापत्र. नाव बदलताना कुणी कागद मागितला नव्हता, बघा, आणि तीच ती आहे हे सांगायला आता सतरा कागद! मी टाईप केलं, नोटरी साहेब आले, बार रूममध्ये बसले, म्हणाले, बाई, स्वतःच्या तोंडानं नवऱ्याचं पूर्ण नाव सांगा. तिनं पदर तोंडात धरला. पुन्हा विचारलं. तिनं नुसती मान हलवली. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, मी नाव नही लेस ताई, त्या जित्ता व्हतीन तं? म्हणजे, ते जिवंत असले तर? तिनं प्रेत बघितलं नव्हतं, नुसती तार बघितली होती. आपण नाव घ्यायचं, आणि तिकडे तो जिवंत असायचा, आणि आपल्या तोंडानं मरायचा.

आणि तेवढ्यात हा सचिव म्हणतो कसा, वहिनी, एवढं काय त्यात, मस्तपैकी उखाणा घ्या. दोघं-तिघं हसले. काळे कोट घालून हसले. अहो, माझं डोकं असं सणकलं, मी मशीनचं पत्र्याचं झाकण उचललं आणि त्याच्या टेबलावर असं आपटलं की त्याचा चहा त्याच्या पांढऱ्या बँडवर. म्हटलं, तुमच्या बायकोवर ही वेळ येऊ द्या, मग मी येते उखाणा ऐकायला. वाईट बोलले, माहीत आहे. आज पण बोलेन.

मग मी तिच्यासमोर फरशीवर बसले. म्हटलं, इंदू, तुझं नाव मी न विचारता लिहिलं, चूक माझी, तू मला शिव्या दे, पण आज तू बोलली नाहीस तर ते त्याला तिथंच पुरतील, आणि कुणाला पुरलं ते पण तुला कळणार नाही. तिनं तोंडातला पदर काढला आणि बोलली, रामदास. मग बापाचं नाव, मग आडनाव, एका दमात. नोटरीनं शिक्का मारला. आणि ती मला म्हणाली, आते मरनात त्या. आता मेले ते.

पेटी मुंबईहून टेम्पोत आली, सकाळी नऊला. झाकण पक्कं बंद, उघडू नये असा कागद चिकटवलेला, शेवटचं तोंड पण बघू दिलं नाही. तिनं पेटीवर हात ठेवला आणि नाव घेत राहिली, रामदास, रामदास, सगळ्या गावासमोर, आणि सासऱ्यांनी पण अडवलं नाही. आमचा सचिव तिथं पण, हार घेऊन, फोटोवाला घेऊन! दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, गटाच्या प्रयत्नांना यश. यश म्हणे! पेपर मी फाडला नाही, ठेवलाय, मधूनमधून काढते आणि शिव्या घालते.

आता नाना राहिले नाहीत, देव त्यांना सुखात ठेवो. गट शनिवारी बसतो, कधी नाही पण बसत. इंदू माझ्याच शेजारी पोत्यावर बसून वकिलांच्या फायली शिवते, मोठी सुई घेऊन, हात चांगला आहे तिचा. पासपोर्टवाला आला की मी सांगते, बायकोला घेऊन ये, तिचं नाव तिनं सांगायचं, तुझं पण तिनंच सांगायचं, त्याशिवाय मी टाईप करत नाही, जा कुठं जायचं तिथं. चिडतात, पण येतात दोघं. परवाच एक पोरगी आली, नवी नवरी, हिरवा चुडा, नवऱ्याचं नाव विचारलं तर मान खाली घालून हसायलाच लागली. मी बोलणार तेवढ्यात इंदूनं सुई खाली ठेवली आणि तिला म्हणाली, नाव ले व माय, जोरमा ले, जित्ता शे तवर ले.