वहिनी आणि एकतारी

आमच्या वहिनीचा सगळा राग एका भोपळ्यावर होता, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटायचं नाही. ब्राह्मणपुरीत अजून वीज आली नव्हती तेव्हाची गोष्ट. भजनासाठी माझ्या दादाला स्वतःच्या हातची एकतारी हवी होती. त्याने भोपळा वाळवला, पोखरला, तोंडावर कातडं ताणलं. मग रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्याला तेल चोळायचा. वहिनी दारातून बघत राहायची.

एक दिवस ती कडाडली, “मन्हा डोकाले कधी तेल लावं का तुम्ही? अन् त्या भोपयाले रोज!”

दादा हसत म्हणाला, “तो उलटं बोलस नही.”

त्याच दिवशी वहिनी प्रकाशा गावी, माहेरी निघून गेली.

तार चढवून झाल्यावर दादा एकतारी घेऊनच तिला आणायला गेला. मीही बरोबर होते. सासऱ्यांनी त्याला वाजवायला बसवलं, गल्ली जमली, पण वहिनी बाहेर आली नाही. वाजवणं थांबलं तशी तिची चुलतबहीण लाडात म्हणाली, “दाजी, मले बी एक करी द्या ना!”

दादा खुशीत म्हणाला, “घर आनखी एक भोपया शे. करी दिसू.”

वहिनी गाठोडं घेऊनच बाहेर आली. “चाला घर!”

एकतारी तिनेच उचलली. वाटेत दादाने मागितली, तरी दिली नाही. घरी पोचताच, पाणीही न पिता तिने माळ्यावरचा दुसरा भोपळा काढला, विळ्याने त्याचे दोन तुकडे केले, आणि एकात मीठ, दुसऱ्यात मिरच्या भरल्या.

“आते करी द्या तिले,” म्हणाली.