बाईसाहेबांचं वजन

तशी नका धरू, डॉक्टर, दोन्ही पंख मिटवून कवेत घ्या — हं, आता नाही ओरडणार. बाईसाहेब म्हणतो आम्ही तिला, सहा वर्षांची झाली. छातीचं हाड चाचपा जरा. लागतंय ना हाताला? दोन महिन्यांपूर्वी नव्हतं लागत. शेजारीण म्हणते वय झालं — वय झालंय, नाही कुठे म्हणते मी, पण वयानं जीव हळूहळू उतरतो, असा धाडकन नाही. दर रविवारी वजन करते मी तिचं. हसा खुशाल. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते, तान्ह्या बाळांची वजनं करण्यात हयात गेली. निवृत्त झाले तेव्हा तो झोळीचा काटा मोडीत निघाला होता, तो मागून आणला — तो बघा, दाराला टांगलाय — त्यातच बसवते तिला. आधी ठकीला बसवायचे, माझ्या नातीला, पण ती आता चार वर्षांची, झोळीत मावत नाही.

सुरुवात तुऱ्यापासून झाली. लालभडक तुरा, तो फिका पडायला लागला. शेजारीण म्हणाली खुडूक बसली असेल, अंडी उबवायला — अहो, खुडूक कोंबडी हात लावायला गेलं की अंगावर येते, आणि ही मान टाकून बसलेली. मग शीट हिरवी व्हायला लागली. मग एका सकाळी गळ्याखालची पिशवी चाचपून बघितली तर आदल्या संध्याकाळचे दाणे तसेच. सकाळी रिकामी हवी ना ती, तुम्हाला मी काय सांगायचं. मग पाय ओढायला लागली, ही एवढीशी पायरी चढेना. आणि भर दिवसा झोपायला लागली, उन्हात, डोळे मिटून — तेव्हा मात्र तुम्हाला बोलावलं. सून म्हणते, आई, तुमचा त्या कोंबडीत जीव अडकलाय. अडकलाय तर अडकलाय. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, कामाची सवयच तशी.

तिकडे काय बघताय? त्या खिडक्या होय. मीच खरवडल्या, चार महिने झाले असतील. मुलगा म्हणत होता माणूस लावू, म्हटलं माझे हात काय मोडलेत? थरावर थर निघत होते — पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली कसलासा पिवळट, तो माझ्या सासऱ्यांच्या वेळचा. पोपडे सगळे अंगणात पडले. झाडले मी, पण बारीकसारीक राहतंच मातीत. ही दिवसभर तिथेच उकरायची, टिपायची. मला वाटलं, कोंबड्यांना पचायला खडे लागतातच, टिपू दे. ठकीसुद्धा रंगीत रंगीत म्हणून वेचायची, भातुकलीत ताटल्या करायची त्यांच्या — काय म्हणालात? शिसं? जुन्या रंगात शिसं असायचं? असेल बाई, आम्हाला कोण सांगणार. म्हणजे ते हिच्या पोटात गेलं. बरं. औषध असेल ना त्यावर, मग द्या की.

अंडी? आता महिनाभर बंद आहेत. त्याआधी आठवड्याला दोन, फार तर तीन. खाल्ली, टाकून थोडीच देणार. कोणी म्हणजे — घरातच. मी नाही खात, मला पचत नाहीत. मुलगा-सून दुकानातली आणतात. सून म्हणते हिची नकोत, कवच बघा कसं पातळ झालंय, ठकीलाही द्यायची नाहीत. ताकीदच होती तशी. आता — तुम्ही सुनेजवळ बोलणार नसाल तर सांगते — मी द्यायचे. ती कामावर गेली की उकडायचं, मीठ लावायचं, आणि कवच कुंडीत पुरून टाकायचं. आमच्या दोघींचं गुपित. बाईसाहेबांनी आज काय दिलं, म्हणून ओट्याला येऊन चिकटायची पोर. एवढी वर्षं हजार आयांना सांगत आले, मुलांना अंडं द्या, आणि घरात मी सुनेचं ऐकू?

ठकीचं काय? ठकी बरी आहे. खात नाही फारसं, पण हल्ली कुठलं पोर खातं? पोट दुखतं म्हणते — जेवायला बसवलं की बरोबर दुखतं, नाटकं सगळी. सुनेनं मागच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली होती. मीच रद्द करायला लावली. म्हटलं, पस्तीस वर्षं मुलंच बघितलीत मी, मला शिकवू नकोस. थोडी फिकी दिसते, हो. परवा पायरीवर ठेचकाळली. दोनदा. असं काय बघताय माझ्याकडे? तुम्ही जनावरांचे डॉक्टर, तुम्ही कोंबडीचं बोला. माझ्या नातीचं मी बघेन, मला कळतं. झालं असेल तुमचं तर ठेवा तिला खाली आणि निघा.

आणि जाताना फाटक आपटू नका, ठकी आत झोपलीय. हो, आत्ता. नाही, दुपारची झोप तिनं केव्हाच सोडलीय, दोन वर्षांची होती तेव्हाच, घर डोक्यावर घ्यायची झोपवायला गेलं की. हे महिनाभरातलं आहे, आपणहून जाऊन पडते. मीच कौतुक करत होते सुनेजवळ, बघ, किती शहाणी झाली, काही त्रास नाही. आज तर सकाळी उठली, दूध तसंच ठेवलं आणि पुन्हा जाऊन — किती वाजले हो? अकराच वाजलेत?

थांबा. जाऊ नका. तुम्ही गाडी आणलीय ना? ठकी. ए ठकी, ऊठ बाळा, डोळे उघड, आजी आहे. डॉक्टर, इकडे या, आत या तुम्ही. कोंबडी राहू द्या तिथेच.