महिपती शिंप्याचा कडक उपवास

मंडळी, ऐका! माणसानं लाज कुणापुढं धरावी? देवापुढं? त्याला सगळंच ठाऊक! मग डॉक्टरपुढं? — हसू नका तात्या, तुमच्याकडंच बघतोय मी!

एक होता महिपती शिंपी. सकाळी परसाकडला गेला की रक्त दिसायचं. दोन महिने झाले! बायकोला, हौसाबाईला म्हणतो, "बीट खाल्लं होतं गं!"

"बीट? या घरात बीट आलंय कधी?"

"मग मूळव्याध असंल!"

आतून मात्र गडी हादरलेला. बाप आतड्याच्या कॅन्सरनंच गेलेला ना! घास उतरेना. रोज स्वतःच्या कमरेला टेप लावायचा — अन् गुपचूप विजारीची कंबर बोटभर आत घ्यायचा!

एक दिवस हौसाबाईनं टेपसकट पकडला. नेला थेट डॉक्टर निकमबाईंकडं. बाई म्हणाल्या, "मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघू."

"तोंडातून ना?"

"नाही, काका."

महिपतीनं टोपी डोळ्यांवर ओढली!

"आदल्या दिवशी अन्न बंद. अन् हे पावडरचं पाणी प्यायचं."

आता अन्न बंद म्हणजे आपल्याकडं काय? — बरोब्बर! उपवास! हौसाबाईनं साबुदाण्याची खिचडी टाकली, दाणे सढळ हातानं! वर रताळ्याचा कीस! अन् पावडर? "उपवासाला चालती का नाही, कुणाला ठाऊक!" — ठेवली फडताळात!

दुसऱ्या दिवशी दुर्बीण वीतभर गेली अन् अडली. बाई पडद्याकडं बघतच राहिल्या. "काका, काल काय खाल्लं?"

"काही नाही! कडक उपवास!"

"मग हे दाणे कुणाचे?"

चला परत घरी! पुन्हा तारीख. या खेपेला नुसतं पाणी अन् पावडर. एकोणीस वेळा पळाला बिचारा! प्रत्येक खेपेला देवाचं नाव — तेही मोठ्यानं!

दुसऱ्या दिवशी दुर्बीण सरळ आत गेली. बाई बाहेर आल्या. "आतड्यात मांसाचा एक कोंब होता, काढून टाकला. अजून काही वर्षं लपवलं असतंत, तर त्याचा कॅन्सर होऊ शकला असता." तुकडा तपासणीला गेला. आठवडाभर हौसाबाईनं देव पाण्यात ठेवले. कागद आला — कॅन्सर नाही!

"मग बाई, मी वाळलो कशानं?"

"भीतीनं, काका! जेवत कुठं होतात?"

महिपती घरी आला, दोन भाकरी खाल्ल्या — अन् सगळ्या विजारी उसवायला बसला!

मंडळी, लाज पापाची धरा, आतड्याची कसली? इथं कुणाकुणाला 'बीट' दिसतंय? हात वर करू नका! उद्या दवाखान्यात दिसा. अन् मायबहिणींनो, घरी गेल्यावर एवढं करा — धन्याच्या विजारीची कंबर तपासा!