चौदा नंबरची जागा

— नको काकू, चहा खरंच नको, मी बसतच नाहीये, हा डबा तेवढा द्यायला आले होते — बरं, आधण ठेवलंच आहे तर अर्धा कप. साखर नको. म्हणजे एक चमचा चालेल. रेवती घरी नसणार हे माहितीये मला, गुरुवारी ती सँट्रीच्या ऑफिसला जाते ना, म्हणूनच — म्हणजे म्हणून असं नाही, सहजच. डबा केव्हाचा पडला होता माझ्याकडे, आणि रिकामा डबा कसा परत करायचा, म्हणून नारळाच्या वड्या केल्या. रेवतीला माझ्याच हातच्या आवडतात. निदान आवडायच्या. आणि म्हटलं तुमचीही भेट होईल. तुम्ही ब्लँचर्डस्टाउनला येऊन अडीच महिने झाले, मी राहते मागच्या गल्लीत, आणि तुमच्याशी निवांत बोलणं म्हणून नाही. पुढच्या शुक्रवारी निघताय ना तुम्ही? बघा, कसे दिवस जातात. काय काय पाहिलंत मग? — शॉपिंग सेंटर. हो. आणि? — परत शॉपिंग सेंटर. अहो, इथे सगळ्यांच्या आयांचं तेच होतं, लेक कामावर आणि आई त्या सरकत्या जिन्यावर.

पण रेवतीची ती ट्रिप आहे ना या शनिवारी? कॅम्परव्हॅनची? त्या लॉख की तळ्याला? — अगंबाई! रद्द? कधी? — अरेरे. मला काहीच बोलली नाही रेवती. जागाच नाही मिळाली? तसंच होतं हो इथे. ऑगस्टचा बँक हॉलिडे म्हणजे सोमवारची सुट्टी, अख्खं आयर्लंड गाडी काढून तळ्याकाठी जाऊन बसतं, पावसाचं नुसतं नाव घेतलं तरी बसतं. आधी बुकिंग करायला नको? मी सांगितलं होतं तिला, आज करतेस ते आत्ता कर. पण रेवतीचं लहानपणापासून तसंच असेल ना? — नव्हतं? असू दे. मग हल्ली संगत बदलली.

नाही, मी कुणाचं नाव घेत नाहीये. इरावती चांगलीच मुलगी आहे, मी कुठे नाही म्हणतेय? नागपूरची, हुशार, सायकल काय चालवते, होडी काय वल्हवते. एकोणतीस वर्षांची आहे, गुडघे कशाशी खातात ते ठाऊक नाही, तिने नाही करायचं तर कोण करणार? मला 'शोभनाताई' म्हणते. रेवती माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, पण ती 'रेवू', आणि मी ताई. दीड वर्षापूर्वी रेवतीच्या टीममध्ये आली, पहिल्या थंडीत तिच्याकडे धड कोट नव्हता, तर रेवतीने तिला माझा कोट दिला — हो, माझाच, मी रेवतीला दिलेला. मी काही बोलले का? नाही बोलले. तुम्हाला पहिल्यांदाच सांगतेय.

काकू, तुम्हीच सांगा, दहा वर्षं म्हणजे थोडी झाली का? निहारिकाच्या जन्माच्या वेळी तुम्हाला व्हिसा मिळाला नाही, आठवतं? तेव्हा इथे कोण होतं? बारा दिवस मी ह्याच स्वयंपाकघरात उभी होते. डिंक मिळेना, तर तीन दुकानं पालथी घातली. रेवतीला गाडी मी शिकवली, राउंडअबाउटला ती डोळे मिटायची, अक्षरशः मिटायची, आणि मी शेजारी बसून रामरक्षा म्हणायचे. आणि आता ती दोन तासांचा हायवे सहा मीटरची गाडी चालवत जाणार, आणि शेजारी कोण? — नाही, मला हसायलाच येतंय. मी हसतेच आहे.

बरं, ह्या ट्रिपचं सगळं प्लॅनिंग कुणी केलं, सांगितलं तुम्हाला? मी केलं. तीन संध्याकाळी फोनवर तास तास. कुठलं तळं, ते मी सुचवलं. माझा नवरा राजीव त्याला 'लाख की' म्हणतो, लाख की बात है, म्हणतो, त्याचे विनोद तसेच. पण आहेच तसं ते, काकू, रॉसकॉमनला, बॉयल गावाजवळ, जंगल अगदी पाण्यापर्यंत उतरलेलं, मधे बेटं, एका बेटावर पडका किल्ला. मी यादी केली — भाजणी, मेतकूट, गॅसची छोटी नळकांडी, त्या बारीक चावऱ्या माश्यांचं मलम, पहिल्या रात्री खिचडी, दुसऱ्या दिवशी पिठलं, म्हणजे कांदे घरूनच चिरून न्यायचे. कोण कुठे झोपणार, तेसुद्धा मी मनात ठरवलं. मी खिडकीपाशी. आणि तिसऱ्या दिवशी फोनवर रेवती म्हणते कशी, "शोभना, आम्ही शनिवारी सकाळी लवकर निघू, तर तुझं ते फोल्डिंगचं टेबल शुक्रवारीच आणून देशील का?"

आम्ही.

कळलं ना तुम्हाला? तुम्ही शाळेत शिकवायचात, तुम्हाला नाही कळणार तर कुणाला. इंग्रजीत बिचाऱ्यांना एकच 'वी', त्यात कोण मोजलाय आणि कोण नाही, काही पत्ता लागत नाही. आपल्या भाषेत तशी सोय नाही हो. 'आपण निघू' म्हटलं की मी त्यात, 'आम्ही निघू' म्हटलं की मी टेबल आणून देणारी. दहा वर्षं आमचं सगळं 'आपण' होतं — आपण दिवाळीला चकल्या करू, आपण सेलला जाऊ, आपण दोघी इंग्रजी बोलायला घाबरतो. आणि आता एका शब्दात — तिला कळलंसुद्धा नाही! पुढे टेबलाचे पाय कसे उघडायचे ते विचारत होती. मी म्हटलं, ग्रँड. इथे ग्रँड म्हणजे भव्यबिव्य काही नाही काकू, ठीक आहे, चालेल, एवढंच. फोन ठेवला आणि प्रेसमधल्या सगळ्या बरण्या काढून पुसत बसले. प्रेस म्हणजे कपाट. राजीव म्हणाला, झुरळं झालीत का?

त्यामुळे ट्रिप रद्द झाली ते — म्हणजे वाईटच झालं. पण असं बघा, एक चौदा नंबर गेला म्हणून काय झालं, दुसरीकडे कुठेतरी —

काय?

नाही, रेवतीनेच सांगितलं असेल मला. चौदा नंबर. बोलता बोलता. — जागा गेल्यानंतर नाही बोललो, बरोबर आहे. तीन आठवडे नाही बोललो. पण आधी बोललो होतो ना, तेव्हा म्हणाली होती, चौदा नंबरच हवा, त्याला पिच म्हणतात, गाडी लावायची जागा, क्रिकेटचं नाही, तर तेच पिच हवं, उद्या रजा मंजूर झाली की लगेच बुक करते म्हणून. — हो, गेल्याचं मला कसं कळलं. हं.

वडी घ्या ना काकू. खाल्लीच नाहीत तुम्ही.

बरं, मी घेतली. मी बुक केली ती जागा. त्याच संध्याकाळी. बरण्या पुसून झाल्यावर. हात ओले होते, फोनवर बोट लागत नव्हतं, तरी केली. आता बोला. नका असं बघू. मी चोरी नाही केली, वेबसाइट सगळ्यांना उघडी आहे, माझ्या नावावर रीतसर बुकिंग आहे. मला वाटलं, जाऊ आम्हीही. आम्ही! आम्हालाही आम्ही म्हणता येतं. तळ्याकाठी खुर्ची टाकून बसू, आणि त्या दोघी येतील कुठल्या तरी मागच्या कोपऱ्यातल्या जागेवर, आणि मी म्हणेन, अगं, तुम्ही पण इथेच? या ना चहाला. एवढंच हवं होतं मला. बाकीच्या जागाही भरल्यात हे मला काय माहीत? — वेटिंग लिस्टवर नाव घालून बसलीये ती? हे मला काय माहीत?

नाही हो, कुठली गाडी. गाडी नाहीच ठरवली मी. राजीव म्हणतो, घरात गादी आहे, ती सोडून मी चाकांवर का झोपू? लेकीला, अनुष्काला विचारलं, ती पंधरा वर्षांची, मान वर न करता म्हणते, "आय'म ग्रँड, मॅम." म्हणजे, नको आई. तर असं आहे. जागा आहे, गाडी नाही, माणसं नाहीत. शनिवारी तिथे नुसतं गवत असणार. युअर मॅन, म्हणजे इथल्या बोलीत 'तो बुवा', तिथला व्यवस्थापक, तो म्हणत असेल, कोण ही बाई, बँक हॉलिडेला जागा अडवते आणि येत नाही.

पण एक सांगते, ती जागा तुमच्या रेवतीने कशासाठी हेरली होती ते मला ठाऊक आहे. किल्ला समोर दिसतो. फोटो टाकायला. इरावतीला फोटो लागतात, होडीत बसून, दोन बोटं वर करून —

— कशासाठी?

बाथरूम जवळ आहे म्हणून?

वीस पावलं. रेवतीने नकाशावर मोजली. — तुमच्या गुडघ्यांसाठी. रात्री उठावं लागतं म्हणून. हो. तंबूत तुम्हाला खाली बसता येणार नाही, म्हणून गाडी. म्हणजे तुम्हीपण जाणार होतात. मला वाटलं, तुम्हाला निहारिकापाशी घरी ठेवून त्या दोघी — मला वाटलं. नाही, तिने सांगितलं असेल, मीच ऐकलं नसेल. 'आम्ही'च्या पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

चार जणांची गाडी. चार सीटबेल्ट, चार माणसं. तुम्ही, रेवती, निहारिका — आणि चौथी इरावती. हं. तिथे मी असते तर काय झालं असतं? — अच्छा, सहा मीटरची गाडी चालवायला इरावती हवी. रेवतीला भीती वाटते. अजून वाटते? माझ्यापाशी कधी बोलली नाही.

आणि तुम्ही भूगोल शिकवायचात नाही का, कऱ्हाडला? बत्तीस वर्षं? — फळ्यावर हिमनदीची सरोवरं काढायचात, निळ्या खडूने. आणि प्रत्यक्ष एकही बघितलं नाहीत. मग रेवती म्हणाली, आई, एक तरी बघून जा, काठाशी झोपून बघ. — नका ना काकू, असं शांतपणे नका सांगू. रागवा तरी. माझी आई असती तर एव्हाना मुस्काटात दिली असती तिने. तुम्ही 'असू दे गं' म्हणताय, हे कसं सोसायचं मी?

थांबा. गाडी सोडली का रेवतीने? — नाही ना? उद्या दुपारपर्यंत सांगायचंय ना त्यांना? मग काय! द्या तो फोन, नाही, माझाच, इथे पर्समध्ये — किती वाजले? पाचला वीस मिनिटं आहेत, त्यांचं ऑफिस पाचपर्यंत असतं. मी सांगते त्यांना, नाव बदला, रेवतीचं घाला. एका मिनिटाचं काम आहे. मला नाही जायचं. खरंच नाही जायचं काकू, तुम्ही जा, तुम्ही तळं बघा, मी टेबलही आणून देते, पायही उघडून दाखवते. आणि रेवतीला सांगू नका हं, की मी — म्हणजे सांगा, नंतर, विमानात बसताना सांगा. लागला. वाजतोय. ते गाणं लावतात, तेच बरं का हे, होल्डवरचं. छान वाटतंय हो मला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आता तुमच्या हातचा चहासुद्धा गोड — कोण आलं? रेवती? एवढ्या लवकर? बेल तर वाजली नाही.

इरावती. ये ना. — हो, ताईच मी, अजून ताईच.

— काकूंच्या गोळ्या आणल्यास? वा. नाही, ठेव, सावकाश ठेव, तुला माहितीये ना कुठल्या प्रेसमध्ये ठेवायच्या ते. माहितीये. चपला काढल्या, कप घेतला. बरं. आणि रेवती मीटिंगमध्ये अडकलीय. बरोबर. आणि तुझ्याकडे ह्या घराची किल्ली आहे.

— कधीपासून, गं? मार्चपासून. हो का. नाही, विचारते आपली सहज. मी दहा वर्षं बेल वाजवते.

हॅलो? येस. येस, हॅलो. — नो. नो, सॉरी. राँग नंबर.

नाही लागला हो काकू. बंद झालं असेल त्यांचं. उद्या बघते मी, उद्या सकाळी, जमलं तर. — का बघताय अशा? म्हटलं ना उद्या. चहा राहू दे, गार झाला. निघते मी. नको, उठू नका काकू, बसा तुम्ही, इरावतीलाही बसू दे. आतून उघडायला किल्ली लागत नाही.