मधल्या बोटाची शाई

निवडणुकीच्या ड्युटीचं रडगाणं मला नका सांगू. कर्जतकडच्या एका गावात माझ्याकडं बोटाला शाई लावायचं काम होतं. एक आप्पा आले, डावा हात टेबलावर ठेवला. तीन बोटांच्या नखांभोवती चामखिळी, नुसता फ्लॉवरचा गड्डा! मी शाई लावायला तर्जनी धरली, तर त्यांनी हात मागं ओढला.

"ह्याला नगं, गुरुजी. ह्याची चामखीळ मागच्या इलेक्शनच्या शाईनं गेली. आता मधल्या बोटाला लावा. डॉक्टरनं दोनदा जाळली, तरी हटंना."

"आप्पा, नियम तर्जनीचा आहे. तर्जनी नसेल तरच दुसरं बोट."

आप्पांनी तर्जनी दुमडून तळहातात लपवली.

"बघा, न्हाईच मला तर्जनी."

मागं रांग ओरडायला लागली, "लावा की हो गुरुजी, लई ऊन हाय!" लावली शेवटी मधल्या बोटाला.

मत देऊन जाताना आप्पांनी तिथं बसलेल्या दोन्ही पार्ट्यांच्या एजंटांना हात जोडले.

"कुनीबी निवडून या, पर पाच वर्सं टिकू नका. अजून दोन बोटं राह्यलीत."